कार्ल मिलेस आणि चौकात उतरलेले देव

उत्तरायण

युरोपातल्या कुठल्याही जुन्या शहरात घोड्यावर बसलेला एक राजा आणि हातात कागदाची गुंडाळी धरलेला एक मंत्री असतोच. स्वीडनही त्याला अपवाद नाही. पण तिथे एक शिल्पकार असा होऊन गेला, ज्याने चौकाचौकांत ग्रीक देव, समुद्रातले प्राणी, उडते घोडे आणि वृषभ आणून बसवले. लोकांनी आधी कुरकुर केली आणि मग ते आपलेच मानले. त्याचं नाव कार्ल मिलेस (१८७५-१९५५). त्याच्याबद्दल चार माणसांशी बोलावं, म्हणून हा धागा.

जन्म उप्सालाजवळच्या लाग्गा गावचा. मूळ आडनाव अँडरसन. वडील सैन्यात अधिकारी होते, त्यांना ‘मिले’ म्हणत, त्यावरून मिलेस. पोरगा शाळेत रमला नाही. स्टॉकहोमला सुताराकडे उमेदवारी केली, संध्याकाळी कलाशिक्षण घेतलं. १८९७ मध्ये निघाला चिलीला. तिथल्या एका स्वीडिश व्यायामशाळेत काम मिळणार होतं. वाटेत पॅरिस लागलं आणि चिली राहिलं ते राहिलंच. पॅरिसात हलाखीचे दिवस काढत शिकला, पुढे फ्रेंच शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत हाताखाली काम केलं. सुरुवातीच्या कामांत रोदँ अगदी उघड दिसतो: खडबडीत पृष्ठभाग, अर्धवट मातीतून वर येणाऱ्या आकृत्या.

मग काही काळ म्युनिक. तिथे जर्मन शिल्पकार हिल्डेब्रांडच्या कामाचा परिणाम झाला आणि आकार घट्ट, स्वच्छ होऊ लागले. १९०५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या चित्रकार ओल्गा ग्रानर हिच्याशी लग्न. दगडाच्या धुळीने फुप्फुसं बिघडली ती कायमची. १९०६ मध्ये दोघांनी स्टॉकहोमला लागून असलेल्या लिडिंग्यो बेटावर, पाण्यावर ओणवलेल्या कड्यावर जागा घेतली. तेच आजचं मिलेसगोर्डन, त्याचं घर आणि शिल्पबाग. सावत्र भाऊ एव्हर्ट वास्तुविशारद होता, त्याने पुढे तिथली बांधकामं सांभाळली. १९३६ मध्ये नवराबायकोने ते सगळं स्वीडिश जनतेला देऊन टाकलं.

१९२० ते १९३१ तो स्टॉकहोमच्या कला अकादमीत प्राध्यापक होता. त्यानंतर थेट अमेरिका. पण त्याआधी आणि नंतरही जे घडलं, ते माझ्या मते पुतळ्यांच्या इतिहासात दुर्मीळ आहे. तीन कामं सांगतो.

हाल्मस्टाड, १९२६: युरोपा आणि वृषभ. ग्रीक देवांचा राजा झ्यूस बैल होऊन राजकन्येला पळवतो, ती गोष्ट. चित्रकारांनी यात भरपूर आरडाओरडा रंगवलाय. मिलेसची युरोपा बैलाच्या पाठीवर आडवी तरंगते, हात पुढे केलेला, आणि बैल मान वळवून जिभेने तो हात चाटतोय. अपहरणाची गोष्ट इथे भलत्याच वळणावर जाते. मला ती जीभ जरा जास्तच धीट वाटते, पण विसरता येत नाही हेही खरं.

गोथेनबर्ग, १९३१: पोसायडन. रुंद राजरस्ता चढून जातो आणि वरच्या टोकाला, कलासंग्रहालयाच्या समोर, हा सात मीटरचा उघडा समुद्रदेव उभा. हातात त्रिशूळ नाही! एका हातात मासा, दुसऱ्यात शिंपला. बंदराच्या शहराचा देव म्हणून याहून चांगली निवड नाही.

स्टॉकहोम, १९३६: ऑर्फियस, ग्रीक पुराणातला वादक. संगीतगृहाची निळी इमारत इवार तेंगबूम याची, १९२६ ची. शांततेचं सोडून बाकीची नोबेल पारितोषिकं दर १० डिसेंबरला इथेच दिली जातात. समोर भाजी, फळं आणि फुलांचा बाजार. त्या दोन्हींच्या मध्ये, पाताळाचा कुत्रा सर्बेरस पायाखाली घेऊन, वीणेसारखं लायर वाजवणारा लांबसडक ऑर्फियस. भोवती आठ माणसं, बायका आणि पुरुष, त्या सुरांनी जागी होऊन वर निघालेली. पाय जमिनीला टेकलेत की नाही, असा प्रश्न पडावा इतकी हलकी.

माझं म्हणणं एवढंच आहे: या देवांपुढे मान झुकवायची अपेक्षाच नाही. हे सगळे कुठेतरी निघालेत, तोल सुटायच्या बेतात आहेत, अंगावरून पाणी वाहतंय. म्हणून ते बाजारात खपतात. राजाचा पुतळा बाजारात ठेवला की बाजार बेशिस्त वाटतो. ऑर्फियसला कोबीच्या गड्ड्यांची अडचण होत नाही.

शंकासुर

लेख आवडला, पण शेवटचं वाक्य सोयीचं आहे. ऑर्फियसची गोष्ट त्या कोबीवाल्याला माहीत असते का? नसेल तर त्याच्यासाठी ते नुसते उघडे लोक आहेत. पुराणकथेवरचं शिल्प ज्याला पुराण माहीत नाही त्याच्यासाठी काय करतं?

उत्तरायण

शंकासुर, चांगला मुद्दा. पण ऑर्फियस कोण हे ठाऊक नसलं तरी काहीतरी ऐकून माणसं वर खेचली जातायत, हे दिसतं. मान कलती आहे, हात कानाशी किंवा छातीशी आहेत. गोष्ट कळली की त्यात मरण येऊन मिसळतं, कारण तो बायकोला परत आणायला पाताळात गेला होता आणि मागे वळून पाहिल्यामुळे ती कायमची गेली. दोन्ही वाचनं चालतात. फक्त नावाच्या पाटीवर जगणारं शिल्प असेल तर तुमची तक्रार खरी.

डेट्रॉईटकर

याला पुरावा आमच्याकडे आहे! मिशिगनमध्ये ब्लूमफील्ड हिल्सला क्रॅनब्रुक नावाची कलासंस्था आहे. वृत्तपत्रमालक जॉर्ज बूथ यांनी उभी केलेली, वास्तुविशारद एलिएल सारिनेन. बूथनी मिलेसला १९३१ मध्ये बोलावलं आणि तो १९५१ पर्यंत तिथला निवासी शिल्पकार होता. तिथे ऑर्फियसच्या कारंज्याची वेगळी मांडणी आहे. आठ आकृत्या त्याच, वर्तुळात, पण मधला ऑर्फियसच नाही. नुसतं पाणी. वाजवणारा गायब, ऐकणारे तेवढे उरलेत. त्यातल्या एकाचा चेहरा बीथोव्हेनसारखा आहे, म्हणजे बहिरा संगीतकार ऐकतोय. मी तर म्हणेन स्टॉकहोमपेक्षा आमचंच सरस.

उत्तरायण

सरस म्हणणार नाही :) तिथे झाडं आणि हिरवळ आहे. स्टॉकहोमला ट्रॉलीबॅग ओढणारी माणसं त्या आकृत्यांना वळसा घालून जातात. मला ती गर्दी हवी असते. पण ऑर्फियस काढून टाकण्याची कल्पना मोठी आहे, हे मान्य.

सांजवात

मला ओल्गाबद्दल जाणून घ्यायचंय. चित्रकार होती म्हणता, मग तिची चित्रं कुठेयत? की नेहमीसारखं ‘संसार सांभाळला’?

उत्तरायण

नेहमीसारखंच म्हणावं लागेल. व्यक्तिचित्रं फार चांगली करायची. मिलेसगोर्डनमध्ये काही लावलेली आहेत. लग्नानंतर तिचं काम मागे पडत गेलं. नवऱ्यानंतर बारा वर्षं जगली आणि १९६७ मध्ये ग्रात्सलाच गेली. घराला नाव मिलेसचं, जगभर तरंगणाऱ्या मूर्तीही त्याच्याच.

ओतारी

तरंगण्यावरून लिहितो. हा माझ्या धंद्याचा विषय.

‘माणूस आणि पेगॅसस’ हे त्याचं १९४९ चं शिल्प आहे. पंखांचा घोडा तिरपा वर झेपावतोय आणि त्याच्याही वर, जवळजवळ सुटा, हात पसरलेला ग्रीक वीर बेलेरोफॉन. अमेरिकेत डे मॉइनला आहे, मिलेसगोर्डनला उंच खांबावर आहे, जपानमध्ये हाकोनेच्या उघड्या संग्रहालयातही आहे. फोटो पाहून लोक म्हणतात, पडत कसं नाही? न पडण्याचा विचार मातीकाम सुरू व्हायच्या आधी करावा लागतो.

पद्धत अशी. आधी हातभर उंचीचा नमुना. तो पटला की लोखंडी सांगाड्यावर मोठ्या मापात माती चढते. मातीवरून प्लास्टरचा साचा, त्यातून प्लास्टरची प्रत. ती जाते ओतशाळेत. ब्राँझ म्हणजे साधारण नव्वद टक्के तांबं आणि उरलेलं मुख्यतः कथील. मोठी मूर्ती भरीव कधीच ओतत नाहीत. आत गाभा ठेवून काही मिलीमीटर जाडीची कवचं तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि नंतर जोडतात. त्यामुळे वरचा माणूस दिसतो त्यापेक्षा कितीतरी हलका असतो. भार उचलणारा पोलादी सांगाडा पोटातून खाली चौथऱ्यात खोल गाडलेला. डोळ्याला दिसतो तो तोल आणि खरा तोल यांचा संबंध नसतो. चौथऱ्याच्या आत जे आहे त्यावर सगळं उभं.

दुसरं म्हणजे आकाश. खालून वर बघताना डोकं लहान आणि पाय मोठे दिसतात. शिवाय मागे उजेड असल्यामुळे चेहऱ्याचा बारीक तपशील गायब होतो, उरते फक्त बाह्यरेषा. मिलेसने हे ओळखलं होतं. त्याच्या उंचावरच्या मूर्तींमध्ये बोटं लांब, मानेची रेषा स्वच्छ, मधल्या मोकळ्या जागा मोठ्या. जवळून पाहिलं तर काही मूर्ती विचित्र ताणलेल्या वाटतील. त्या जवळून बघायच्या नाहीतच. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. स्टुडिओत डोळ्यांच्या पातळीवर चेहरा पसंत करायचा, मग तीन मजले उंच चौथऱ्यावर चढवायचा आणि वर म्हणायचं की चेहरा ‘आला नाही’.

गोगलगाय

ओतारीदादा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख करा. मला एक विचारायचंय. बेलेरोफॉन शेवटी पडतो ना? देवांच्या ऑलिंपस पर्वतावर जायला निघतो, झ्यूस गोमाशी सोडतो, घोडा बिथरतो, हा खाली.

ओतारी

हो. आणि मिलेसने गोमाशी यायच्या आधीचा क्षण घेतलाय. पडणारा माणूस ब्राँझमध्ये करणं फार सोपं असतं, गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं.

शंकासुर

आता नग्नतेकडे वळू या का? मूळ लेखात ‘आधी कुरकुर केली’ म्हणून विषय गुंडाळलाय.

डेट्रॉईटकर

सेंट लुइसची गोष्ट घ्या. तिथल्या युनियन स्टेशनसमोर १९४० मध्ये मिलेसचं कारंजं उभं राहिलं. शहराच्या वरच्या अंगाला मिसिसिपी आणि मिझुरी या नद्या मिळतात, तर त्याने मिसिसिपी पुरुष केला, मिझुरी स्त्री केली. पुरुष फूल घेऊन तिच्याकडे निघालाय, आजूबाजूला जलचर वऱ्हाड. एकूण चौदा आकृत्या, कपडे कुणाच्याच अंगावर नाहीत. नाव ठरलं होतं नद्यांचं लग्न. गावात गदारोळ झाला आणि शेवटी नाव बदलून ‘जलांची भेट’ केलं. मूर्ती जशाच्या तशा राहिल्या, लग्न तेवढं मोडलं.

दुसरी गोष्ट डेट्रॉईटची. ‘देवाचा हात’ हे शिल्प: प्रचंड पंजा, त्याच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर पाय ठेवून एक छोटा माणूस वर बघतोय. मूळ कल्पना स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना शहरासाठी होती, तिथले संशोधक सी. ई. योहानसन यांच्या स्मरणार्थ. कारखान्यांत मोजमापासाठी वापरतात ते अचूक पोलादी ठोकळे यांचेच. अचूक मापाचा माणूस आणि त्याचं स्मारक म्हणून देवाच्या पंजातला तोल सांभाळणारा माणूस! आमच्या डेट्रॉईटची प्रत मोटारकामगारांच्या संघटनेने दिलेली, न्यायालयासमोर आहे. तीही उंच खांबावर. माणूस उघडा असल्यामुळे इतका वर चढवला, असं इथे गमतीने सांगतात.

शंकासुर

लग्न मोडलं :D

पण यातून मला असं दिसतं की पुराणाचा उपयोग परवान्यासारखा होतोय. साधा उघडा पुरुष ठेवला असता तर पोलीस आले असते. पोसायडन म्हटलं की कला.

उत्तरायण

अगदीच नाकारत नाही. पण परवाना फक्त कपडे काढण्याचा नाही. एरवी शहर शिल्पकाराला विचारतं, हा कोण, याने शहरासाठी काय केलं, कुठल्या पक्षाचा. पोसायडनने गोथेनबर्गसाठी काहीही केलेलं नाही. त्याच्याशी चेहरा जुळवायला वंशज येत नाहीत. मिलेसने व्यक्तिस्मारकंही केलीत, नॉर्डिस्का संग्रहालयातला गुस्ताव वासा राजा त्याचाच, झाडाच्या बुंध्यासारखा बसलेला. काम दणकट आहे, पण तिथे तो बांधलेला वाटतो.

सांजवात

चेहरा, पक्ष वगैरे निघालंच आहे तर एक राहिलंय. मिलेस हिटलरचा चाहता होता ना? पत्रांमध्ये तसं आहे म्हणून स्वीडनमध्ये वाद होत असतात. धाग्यात त्याचा उल्लेखही नाही.

उत्तरायण

बरोबर आहे, त्याच्या पत्रव्यवहारात नाझी जर्मनीबद्दलची सहानुभूती आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. विचित्र असं की युद्धाची सगळी वर्षं तो अमेरिकेत होता आणि १९४५ मध्ये अमेरिकन नागरिक झाला. युद्धानंतर लगेच त्याने ‘इंद्रधनुष्यावरचा देव’ हे शिल्प संयुक्त राष्ट्रांसाठी, शांततेचं प्रतीक म्हणून कल्पिलं. कमानीच्या टोकावर उभा राहून देव आकाशात तारे टांगतोय, खालून देवदूत त्याला तारे पुरवतोय, आणि कमानीतून सुटणारी पाण्याची धार इंद्रधनुष्य पुरं करते. त्याच्या हयातीत ते झालं नाही. स्टॉकहोमजवळ नाका स्ट्रांडला १९९५ मध्ये उभं राहिलं, ते त्याचा शिष्य मार्शल फ्रेडरिक्स याने साकारलं. डेट्रॉईटकर, हे तुमच्या ‘स्पिरिट ऑफ डेट्रॉईट’ पुतळ्याचे फ्रेडरिक्स.

मला हे दोन्ही एकत्र धरता येत नाही आणि तसा आव आणायचा नाही. शिल्पं बघतो, माणसाबद्दल वाचलेलं विसरत नाही.

सांजवात

इतपत ठीक. पण मिलेसगोर्डनला जाणाऱ्याला हे आधी कळायला हवं, असं मला वाटतं. भिंतीवरच्या माहितीत असो वा अशा लेखात.

डेट्रॉईटकर

अवघड कामांपैकी अजून एक. मिनेसोटात सेंट पॉलच्या नगरभवनात ‘शांतीचं दर्शन’ आहे, १९३६ चं. पांढरट ऑनिक्स दगडातला, जवळपास अकरा मीटर उंचीचा मूलनिवासी ‘शांतिदेव’, साठ टन वजन, आणि तो स्वतःभोवती संथ फिरतो! पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मारक. ओक्लाहोमात पाहिलेल्या एका समारंभावरून सुचलं म्हणे. काळ्या संगमरवरी दालनात ते पाहताना अंगावर येतं. पण ग्रीक देवाशी खेळणं आणि ज्यांची जमीन गेली त्या लोकांसाठी स्वतःच्या मनाने एक देव घडवणं, यात फरक आहे. त्याचं जुनं नाव ‘इंडियन गॉड ऑफ पीस’ होतं. १९९४ मध्ये ते बदललं.

गोगलगाय

हाच मुद्दा मला आपल्याकडे आणायचा होता. ऑर्फियसला आता कोणी नैवेद्य दाखवत नाही, म्हणून मिलेसला त्याला लांब करता आलं, सर्बेरसवर उभं करता आलं, क्रॅनब्रुकला तर गाळताही आलं. आपल्याकडे चौकात हनुमान ठेवला की दुसऱ्या दिवशी शेंदूर, तिसऱ्या दिवशी नारळ, महिन्याभरात पत्र्याचं छप्पर. मूर्ती म्हटलं की पूजा आली. मग शिल्पकाराला खेळायला जागा कुठे? गंमत म्हणजे मुंबईच्या भर चौकात १८६४ पासून पोर्टलंड दगडातली रोमन देवी फ्लोरा उभी आहे आणि तिच्या पायाशी एक फूलही कोणी वाहत नाही.

ओतारी

जागा असते, फक्त आपण शोधत नाही. जकार्ताला मेर्डेका चौकाजवळ, ऐन वाहतुकीत, ‘अर्जुन विजय’ आहे. १९८७ चं, शिल्पकार न्योमान नुआर्ता. कृष्ण आणि अर्जुन रथात आणि पुढे आठ घोडे. घोडे नुसते धावत नाहीत, लाटेसारखे एकावर एक फुटतात. मुस्लिमबहुल देशाची राजधानी, महाभारत रस्त्यात, आणि त्यावर छप्पर नाही. मिलेसच्या घोड्यांशेजारी ठेवून बघावं असं काम आहे. त्याच नुआर्ताचा बालीतला गरुडारूढ विष्णू २०१८ मध्ये पुरा झाला, चौथऱ्यासह १२१ मीटर. पण तिथे मापानेच दबून जायला होतं. मला जकार्ताचे घोडे जास्त आवडतात.

शंकासुर

छप्पर नाही कारण तिथे ते पुराण त्यांची गोष्ट आहे, धर्म नाही. गोगलगाय यांचाच मुद्दा सिद्ध झाला की.

ओतारी

पूर्ण नाही. बालीत ते धर्मही आहे, आणि तिथेही रस्त्यारस्त्यांवर रामायण-महाभारताची शिल्पं आहेत. वाहतूक बेटावर घटोत्कच असतो. म्हणजे पूजेची मूर्ती आणि रस्त्यातलं शिल्प हे दोन्ही एका समाजात नांदू शकतात. आपल्याकडेही वेरूळला रावण कैलास हलवतो, त्यापुढे कोणी नारळ फोडत नाही, सगळे वर मान करून गोष्ट बघतात. देव एकटा उभा केला की पूजा सुरू होते. प्रसंग उभा केला की बघणं सुरू होतं. मिलेसचं जवळपास प्रत्येक काम प्रसंग आहे, हे लक्षात घ्या.

उत्तरायण

ओतारी, हे माझ्या लेखात यायला हवं होतं इतकं नेमकं आहे. उचलतोय.

गोगलगाय

जूनमध्ये स्वीडनला जातेय. दोन दिवस स्टॉकहोम, एक दिवस गोथेनबर्ग. मिलेसगोर्डनला किती वेळ ठेवू? आणि हिवाळ्यात गेले असते तर काही बिघडलं असतं का?

उत्तरायण

अर्धा दिवस ठेवा. आधी वरची घरं आणि मिलेसने जमवलेल्या प्राचीन ग्रीक-रोमन मूर्ती बघा, मग पायऱ्या उतरत खालच्या मोठ्या गच्चीवर या. पोसायडन, युरोपा, पेगॅसस, देवाचा हात यांच्या प्रती तिथे एकत्र आहेत, मागे पाणी आणि आकाश. ओतारींनी सांगितलेली बाह्यरेषा तिथे लगेच कळते. हिवाळ्यात कारंजी बंद असतात, त्यामुळे जून उत्तम. गोथेनबर्गला पोसायडनकडे राजरस्त्याच्या खालच्या टोकाकडून चालत जा, ट्रामने थेट वर उतरू नका.

ओतारी

आणि हाल्मस्टाड वाटेवर बसत असेल तर त्या बैलाच्या जिभेचा जवळून फोटो टाका. जोड कुठे दिला आहे ते मला बघायचंय.